सॅम्पलरला भरवलेला गूळ

संगीताबद्दल लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि लेख लिहिणाराही पहिलाच. तेव्हा जे चुकेल त्याची आधीच माफी मागतो. पण एका ब्रिटिश रॉक बँडला मी गूळ भरवला, आणि हे दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी सिडनीत युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्कोफिल्ड्स या उपनगरात माधुरीमावशीकडे राहतो. तिचे यजमान शिरीषकाका आयटीत आहेत, पण ते पोटासाठी. त्यांचा जीव गॅरेजमध्ये असतो. तिथे ते जुने कीबोर्ड उघडतात, साफ करतात आणि पुन्हा बंद करतात. (गाडी बाहेर उन्हात असते. मावशी यावर बोलते, पण आता थकली आहे.)

काका पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्यांच्या हाती या बँडची कॅसेट लागली, आणि ते कामातून गेले. इंग्लंडमधल्या कुठल्याशा गिरणगावातली दोन पोरं. वाद्यं धड येत नव्हती, म्हणून त्यांनी दुनियेतले आवाज उचलले. दाराची बेल, टीव्हीवरची जाहिरात, कोणाच्या तरी आजीचा खोकला. हे सगळं सॅम्पलर नावाच्या एका खोक्यात भरायचं आणि बटण दाबून वाजवायचं, वर गिटार बडवायची.

"म्हणजे आवाज चोरायचे?" मी एकदा विचारलं होतं.

"चोरायचे नाही रे, वेचायचे," काका दुखावून म्हणाले.

पुढे ज्यांचे आवाज वेचले होते ते लोक कोर्टात गेले. मग दोघांचं एकमेकांशी बिनसलं. बँड फुटला, एकाने चीजचं दुकान टाकलं. काकांनी ते दुःख संसार सांभाळून जपलं. आणि आता इतक्या वर्षांनी, आजच्या पोरांनी मोबाइलवरच्या व्हिडिओंना त्यांची गाणी लावल्यामुळे, चीजवाला आणि दुसरा पुन्हा एकत्र आले. दौऱ्यात सिडनीही होतं. शनिवारी. काकांनी दोन तिकिटं काढली. मावशी म्हणाली, "मी खोकला ऐकायला येणार नाही," म्हणून दुसरं मला मिळालं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

बुधवारी संध्याकाळी बँडचा तंत्रज्ञ ग्रॅहम आमच्या दारात उभा राहिला. जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या कुठल्याशा ऑनलाइन गटातून त्याला काकांचा पत्ता मिळाला होता. त्याच्या हातात तेच खोकं होतं. मूळ. अस्सल. त्याची स्क्रीन लागत नव्हती. "शुक्रवार दुपारपर्यंत होईल का, मेट?" असं त्याने विचारलं. काकांनी तीनतीनदा होकारार्थी मान हलवली.

तो गेल्यावर काका मला म्हणाले, "तीस वर्षांपूर्वीचे आवाज आहेत यात. उद्या ऑफिसला जावंच लागणार आहे मला. तू याला हात लावायचा नाहीस. कळलं?"

"कळलं, काका."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

माझ्या बाबांची विट्याला पिठाची गिरणी आहे. त्या दिवशी ती बंद असते. बाबा तिला धुतात, पुसतात, हळद-कुंकू लावतात आणि तिच्या तोंडात चिमूटभर तांदूळ-गूळ सोडतात. वर्षभर ती आपल्याला खायला घालते, एक दिवस आपण तिला घालायचं. सकाळीच त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रे, तिकडं हत्यारं पुजलीस का?"

"पुजतोय, बाबा."

"एक पण सोडू नको. ज्याला सोडशील ते वर्षभर रुसतंय."

मी ड्रिल पुजलं. लॉनमोअर पुजला. इस्त्री, माझा लॅपटॉप, तन्वीची सायकल, सगळं पुजलं. (तन्वी म्हणजे मावशीची मुलगी, वय बारा.) शेवटी टेबलावर ते खोकं राहिलं. परमुलखातलं, आजारी, आणि सगळ्यांना कुंकू लागताना एकटंच बघत बसलेलं. मला राहवलं नाही. काकांनी हात लावू नको म्हटलं होतं; मी फक्त अनामिका लावली.

पुढच्या बाजूला फ्लॉपी घालायची फट होती. फट म्हणजे तोंड, तेव्हा तिच्या वर कपाळ, असा हिशेब करून हळद-कुंकू लावलं. आणि तोंड समोर उघडंच होतं, त्यामुळे हात आपोआप पुढे गेला. चिमूटभर तांदूळ आणि गुळाचा छोटासा खडा आत गेला. चटकन गेला. गिरणीत जातो त्याहूनही चटकन.

संध्याकाळी काका धावतच आले आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"काका, आज नाही. आज यंत्राला विश्रांती असते."

काकांनी कुंकवाचा टिळा पाहिला. पण पुण्यातल्या घरी एकेकाळी त्यांनीही स्कूटर पुजलेली. ते विरघळले. "बरोबर आहे रे तुझं. उद्या पहाटे घेतो."

शुक्रवारी सकाळी मला तन्वीच्या आवाजाने जाग आली. "डॅड, देअर आर अँट्स इन युअर बँड."

गॅरेजच्या दारापासून टेबलापर्यंत मुंग्यांची रांग होती, शिस्तीत, जाणारी एक आणि येणारी एक. ती त्या फटीत शिरत होती. काका खुर्चीत बसले होते. मीच सांगितलं.

"गूळ?" ते म्हणाले.

"थोडाच होता."

"आणि अजून काय?"

"तांदूळ. पण सुटे."

मावशीने तिचा मेकअपचा ब्रश दिला, मग व्हॅक्यूम क्लीनर, मग काकांना चहा. दुपारपर्यंत स्क्रीनचा दिवा बदलून झाला आणि ती हिरवीगार उजळली. पण फ्लॉपी घातली की आतून खर्रर्र आवाज यायचा.

"आमच्या गिरणीत खडा अडकला की अगदी असाच आवाज येतो," मी मदत म्हणून सांगितलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी घरी कळवलेली नाही.

तेवढ्यात ग्रॅहम आला. "ग्रॅहम, लिसन," काका सुरू करतात तोच त्याने उजळलेली स्क्रीन पाहिली, काकांना मिठी मारली, "लेजेंड!" म्हणाला आणि खोकं घेऊन गेलाही. काका ड्राइव्हवेत उभे राहिले. "संपलं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी एक झाले होते बिचारे. आपण बुडवले."

आपण म्हणाले, हा त्यांचा मोठेपणा. त्या रात्री मी ग्रॅहमला चार पानी माफीचा ईमेल लिहिला. त्यातलं दीड पान खंडेनवमीवर होतं.

शनिवारी आम्ही हॉलमध्ये बसलो ते मयताला बसावं तसे. स्टेजच्या मधोमध ते खोकं, हिरवी स्क्रीन लावून. चीजवाल्याने बटणावर बोट ठेवलं. काकांनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं.

बेल वाजली. जाहिरात वाजली. आजी खोकली, आणि सगळा हॉल तिच्याबरोबर खोकला. एकही आवाज चुकला नाही. काका रडत होते. "पूजेचं फळ आहे हे," ते माझ्या कानात ओरडले, "पूजेचं!" मी इतका भारावलो की तिथूनच बाबांना फोन लावला, आणि बाबांनी ते गिरणीत आलेल्या सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी ग्रॅहमचं उत्तर आलं. तो लिहितो: मेट, अजिबात काळजी करू नकोस. त्या खोक्यातून कितीतरी वर्षं आवाज आलेला नाही. बँड पुन्हा जमल्यापासून सगळं पडद्यामागच्या लॅपटॉपवरून वाजतं. पण लोकांना स्टेजवर ती हिरवी स्क्रीन दिसली नाही की ते नाराज होतात, म्हणून फक्त दिवा लावून घ्यायचा होता.

मी तो ईमेल दोन दिवस लपवला. मग नाही राहवलं, काकांना दाखवला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला.

"स्क्रीन तर लागली होती ना?" त्यांनी विचारलं.

"लागली होती, काका. शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होती."

काकांचं काम निदान अख्ख्या हॉलला दिसलं. माझं फक्त मुंग्यांना कळलं.