होडी नसलेल्या जनाबायचं फाटक

"होडी दाखवा! होडी नाही तर मच्छीमार कसला?" परांजपे साहेब असे ओरडले की आमच्या सीवूड्सच्या ऑफिसातल्या एसीने घाबरून पाणी सोडलं.

मी त्या कन्सल्टन्सीत सर्व्हे ऑफिसर होतो. खाडीकाठी नवी जेट्टी होणार होती, तिला कुंपण पडणार होतं. त्यात कोणाची मासेमारी बुडते, हे आम्ही शोधायचं. अशा माणसाला आमच्या भाषेत 'बाधित' म्हणतात. साहेबांच्या लेखी बाधित म्हणजे होडीवाला. होडीवाल्यांना पलीकडे नवा धक्का मंजूरही झाला होता.

खाडीकाठच्या जनाबाय कोळणीकडे होडी नव्हती. इथल्या कोळणी ओहोटीला चिखल तुडवत जातात आणि लोखंडी आकड्याने बिळातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, ओढतात. नेमकी ती वाट कुंपण अडवणार होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अख्ख्या चिखलात ती एकटी, मागे नेरूळचे टॉवर. बाकीच्या बायांनी काम सोडलेलं. कोणाचे गुडघे गेले, कोणी खोल्या भाड्याने देऊन घरी बसली. माणूस भेटला म्हणून तिने मला धरूनच ठेवलं. माझे प्रश्न संपले, तिची उत्तरं संपेनात. निघालो तेव्हा माझी दाढी वाढली होती.

"कुंपनात एक फाटक ठेवा," ती शेवटी म्हणाली. "दुसरा काय काम येत नाय मना."

मी ते साहेबांना सांगितलं.

"किती बायका जातात तिथे?"

"जत्रा असते, साहेब! चिखल दिसत नाही, नुसत्या टोपल्या दिसतात."

"असं? मग उद्या बघायलाच येतो."

मेलो!

संध्याकाळी गावात दारोदार फिरलो. एकच दिवस चिखलात उतरा, म्हणून घरी बसलेल्या बायांना हात जोडले.

"माज्या गुडघ्यांनी कवाच रिटायरमेंट घेतली, दादा," एक म्हातारी म्हणाली. मग पदर खोचत, "जनी एकटीच जाते अजून? मंग येताव आमी."

दुसऱ्या दिवशी खरंच जत्रा! चिखलात बाया पांगल्या की प्रत्येकीने अधूनमधून हाक द्यायची, असा त्यांचा रिवाज. एखादीचं उत्तर आलं नाही तर ती रुतली समजून बाकीच्या धावतात. त्या दिवशी हाकांच्या मध्ये शिव्या, सुनांच्या तक्रारी, सगळं चाललं होतं.

"जने, हलू वढ! चिंबोरी हाय ती, नवरा नाय तुजा!"

जनाबाय अशी हसली की खाडीतले बगळे उडाले ते थेट कळंबोलीला उतरले.

"ह्या का ओरडतायत?" साहेबांनी विचारलं. मी रिवाज सांगितला. नीट ऐकायला साहेब एक पाऊल पुढे सरकले आणि त्यांचा बूट खाडीने ठेवून घेतला.

"बस झालं," एका पायावर उभे राहून ते म्हणाले. "लिहा, फाटक."

तर होडी नसलेली बाईही मच्छीमार असते, हे आमच्या रिपोर्टात आलं. एकटीचा हक्क खरा असला, तरी मंजुरीला गर्दी दाखवावी लागते, एवढं मी नोकरीत शिकलो.

कुंपण झाल्यावर एकदा मुद्दाम गेलो. फाटक उघडं. चिखलात एकाच माणसाच्या पावलांची रांग. जनाबाय परत येत होती.

मी छाती फुगवून विचारलं, "काय मावशी, फाटक झालं. आता खूश ना?"

टोपली खाली ठेवत ती म्हणाली, "सगल्या आल्या त्या दिवशी बरा वाटला."