निळी टोपी

नाक्याला वायू नाकानं कळतो, अशी खाणीत पक्की वदंता. थापा! नाक्या म्हणजे माझा मामा. त्याचं नाक कोळशाच्या धुळीनं बारा महिने चोंदलेलं; दूध करपलं तरी त्याला पत्ता नसतो. शिवाय खाणीतल्या त्या स्फोटक वायूला वासच नाही. मामाचं काम सगळं डोळ्यांचं. पाळीआधी एकट्यानं बोगद्यात जायचं, जाळीच्या दिव्याची वात अगदी बारीक करायची आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. वायू असला तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. नसली तर मामा "साफ!" म्हणतो आणि अकरा माणसं आत शिरतात.

सोमवारी तो असाच "साफ!" म्हणाला. मागोमाग आलेल्या तपासनिसानं तिथंच दिवा धरला.

"काका, मग ही टोपी कसली?"

मामाला नुसती पिवळी ज्योत दिसत होती. "काच काजळलीय हो," त्यानं सारवासारव केली. माणसं अजून बाहेर होती, म्हणून वाचली.

तेव्हापासून तो रोज "वायू आहे" म्हणून मोकळा होतो. तीन दिवस काम ठप्प.

"नाक्या, तू पादणं थांबव, वायू आपोआप जाईल!" माणसं ओरडतात.

मुकादमानं तर सुनावलंच, "उद्या पुन्हा बंद केलंस तर दिवा दुसऱ्याच्या हातात."

"म्हणजे उद्या 'साफ' म्हणावं लागणार," मामा घरी येऊन म्हणाला.

मामीनं शिलाई मशीन थांबवलं. "न दिसता? डोळ्यांचं सांगून टाका हो त्यांना."

"सांगू आणि मग करू काय? तीस वर्षं एवढंच तर बघत आलोय."

"काही झालेलं नाही तुला, उगाच रडगाणं," मी त्याच्याच चोंदलेल्या आवाजात म्हटलं आणि मामीचा रिळांचा डबा त्याच्यापुढे ओतला. "यातलं फिकट निळं काढ. चुकलास तर मी हरले, महिनाभर तुझी नक्कल बंद. लाव पैज!"

दुपारचं लख्ख ऊन होतं. मामानं एकेक रीळ खिडकीशी नेलं, वर धरलं, डोळे बारीक केले. बराच वेळ घेतला. शेवटी एक माझ्या तळहातावर ठेवलं.

"हेच ना?"

पांढरं होतं.

मामी उठून आत गेली. मी निळं रीळ उचलून त्याच्या हातात ठेवलं.

"उद्या दिवा देऊन टाकतो," मामा रिळं डब्यात भरत म्हणाला. "आणि तू हरलीस. महिनाभर गप्प बसायचं."