ओलं कुंकू

"सर, रंगात ड्रायर हवा तेवढा घाला, पण वर्षश्राद्धाला आईचं पोर्ट्रेट घरी पाहिजे," राहुल म्हणाला. तो चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर, डेडलाइनशिवाय बोलत नाही. शेजारी त्याचे वडील होते, जेऊरचे तात्या.

मी भवानी पेठेत पोर्ट्रेटची कामं घेतो. रंग लावला की वाळला, असं गिऱ्हाइकाला वाटतं. तैलरंगात जवसाचं तेल असतं आणि ते हवा खात सावकाश घट्ट होतं. घाई असेल तर ड्रायरचे थेंब टाकतात. थेंबच. जास्त झाला तर वर साय धरते, आत रंग ओला राहतो आणि पुढं सुरकुत्या पडतात. हे सगळं मी राहुलला ऐकवलं. उलट रंग ओला ठेवायचा असेल तर लवंगेचं तेल घालतात, हेही सांगून टाकलं. विषय रंगाचा निघाला की मला थांबता येत नाही.

लुगडं झालं, चेहरा झाला. ड्रायर बेतानं घातला होता, सगळं वेळेत वाळलं. कुंकू तेवढं राहिलं होतं. तेव्हा तात्या एकटेच आले आणि स्टूल ओढून चित्रासमोर बसले.

"कपाळ मोकळंच हाय की."

"आज लावतो. परवा घेऊन जा."

स्टूल आणखी पुढं सरकवून ते म्हणाले, "सर, कुकवात लवंगेचं तेल घाला की."

"तात्या, मग ते वाळणार नाही."

"व्हय, म्हणूनच म्हणतोय. वाळलं की पोरगं हार घालणार. हार पडला की ती गेलीच म्हणायची. मला अजून तिच्यासंगं लई बोलायचं हाय."

माझ्या बायकोच्या फोटोला हार घालताना मला कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं. मी लवंगेच्या तेलाची बाटली उघडली.

वर्षश्राद्धाला मलाही बोलावणं होतं. राहुल हार घेऊन पुढं झाला. तात्यांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. कुकू वलं हाय, फिसकटंल."

राहुलनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. हार खुंटीला गेला.

बऱ्याच महिन्यांनी राहुलचा फोन आला. "सर, कुंकू कधीच वाळलंय. मी बोट लावून बघितलं. पण तात्यांनी विचारलं, तर ओलंच आहे म्हणून सांगा."

सांगेन म्हणालो. आमच्या कामाचा नियमच आहे, खालचे थर लवकर वाळावेत, शेवटचा सावकाश.