बत्तीस पौंड हवा

ही गोष्ट मी सहा वर्षं कोणालाही सांगितली नाही. दोनतीनदा लिहायला बसलो. दर वेळी गाडीबद्दल लिहीत गेलो, धावपट्टीबद्दल लिहीत गेलो, आणि पायपंपापाशी आलो की वही मिटली. आता पंचाहत्तरी उलटली आहे. परवा माझ्या मुलीने तोच किस्सा लोकांना पुन्हा सांगितला, सगळे हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. त्या हसण्याची मला लाज वाटली.

खडकीतल्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात नोकरी केली. दुसऱ्याने केलेल्या कामाला मापं लावायची, बरोबर असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. छापील मापापुढे तिथे कोणाचं काही चालायचं नाही. निवृत्तीनंतर धायरीला राहायला आलो, पण ती नजर गेली नाही. भाजीवालीचा काटा मी अजून वाकून बघतो.

मुलगी आयटीत. माझी अकरा वर्षं वापरलेली छोटी लाल गाडी मी तिला देऊन टाकली होती. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, मी ड्रॅग रेसला उतरतेय."

"म्हणजे काय?"

"दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल. हिरवा दिवा लागला की सुटायचं."

"वळण?"

"नाही."

"मग त्यात बघायचं काय?"

"तुम्ही येऊन बघा," ती म्हणाली. मग पोळीचा तुकडा मोडत, "मला एकच फेरी जिंकायचीय. पहिल्याच फेरीत हरून घरी यायचं नाही, बास."

गाडी तयार करायला तिने चाचांना गाठलं. चाचांचं गॅरेज खडकी स्टेशनजवळ, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं. माझ्या कारखान्याच्या दिवसांत माझी स्कूटर तेच बघायचे. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण सगळी खडकी त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. ते मला साहेब म्हणायचे.

तीन महिने दर शनिवारी आम्ही तिथे जायचो. मी स्टुलावर बसून चुका शोधायचो. सापडत नव्हत्या. चाचांनी गाडीला नवं असं फारसं काही लावलंच नाही. क्लचची प्लेट बदलली, प्लग बदलले, ब्रेकचं तेल बदललं. बाकी सगळा वेळ ते गाडीतून काढत राहिले. मागची सीट काढली. स्टेपनी, जॅक, पायपुसणी काढली. शेजारच्या भंगारवाल्याचा काटा आणून प्रत्येक वस्तू तोलली आणि वजन खडूने भिंतीवर लिहिलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही तर बसणार नाही ना आत? मग लिहा, आणखी अडुसष्ट किलो गेले."

चाकाचा प्रत्येक नट पान्याने आवळून झाला की त्यावर ते पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढत, अर्धी नटावर, अर्धी चाकावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी. हीच पद्धत आमच्या कारखान्यात होती. चाचांना ती कोणी शिकवली, विचारलं. म्हणाले, "एकदा एका माणसाचं चाक निघालं होतं. तेव्हापासून." शेवटच्या शनिवारी त्यांनी इंजिनखाली स्वच्छ वर्तमानपत्र अंथरलं आणि गाडी तशीच ठेवली. रविवारी आम्ही तिघं वाकून बघत होतो. कागदावर एक थेंबही नव्हता. आयुष्यभर मी इतरांच्या कामावर ठिपके दिले, पण एखाद्या कामासमोर हात जोडावेसे वाटले ते त्या सकाळी.

शर्यत पुण्याबाहेरच्या एका खासगी धावपट्टीवर होती. पोचल्यावर चाचांनी पुढच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली. बत्तीसची बावीस केली.

"गाडी ओढणारी चाकं हीच," ते मुलीला म्हणाले. "ती जमिनीवर जरा बसली पाहिजेत. फुगलेलं चाक नुसतं नाचतं, बेटा."

हे मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं.

सरावाच्या फेरीत ती निघाली तेव्हा मी दोरीला धरून उभा होतो. खांबावरचे पिवळे दिवे एकेक करत खाली आले, हिरवा लागला, आणि ज्या गाडीतून मी तीस किलोमीटरच्या वर कधी गिअर बदलला नव्हता ती गाडी पुढून किंचित उचलली आणि समोरून नाहीशीच झाली. आवाज नंतर छातीत आला. पलीकडच्या टोकाला लाल ठिपका उरला होता. आत माझी मुलगी होती, आणि ती गाडी माझीच होती हे मला पटेना. डोळ्यांत पाणी आलं. चाचा शेजारी उभे होते, त्यांच्याही आलं होतं. दोन पोरं चाचांपाशी येऊन म्हणाली, "चाचा, आमचीपण गाडी बघा ना एकदा."

मग स्पर्धकांना सूचना द्यायला बोलावलं. मुलगी आणि चाचा तिकडे गेले. गाडीपाशी मी एकटा.

चाकं खालून पसरलेली दिसत होती. मघाचा तो वेग डोळ्यांसमोर होता, आणि एवढ्या वेगात हे बसकं चाक निसटलं तर, असं मनात आलं. दार उघडलं. दाराच्या कडेला कंपनीचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर छापलं होतं, बत्तीस. पायपंप माझ्या पिशवीत होता. चाचांनी गाडीतून काढायला लावलेला, तो मी गुपचूप बरोबर घेतला होता. मी खिशातला हवा मोजायचा मीटर लावला. बरोबर बावीस होती. हवा कमी झाली असं मला वाटलं, असं आजवर मी स्वतःलाच सांगत आलो. ते खोटं आहे. मी न विचारता चाचांच्या कामाला लाल ठिपका दिला. दोन्ही चाकांत बत्तीस भरली, घाम पुसला आणि खुर्चीत येऊन बसलो.

ते परतले तोच रांगेत लागायचा पुकारा झाला. सांगायला दोन मिनिटं होती. मी पाण्याची बाटली पुढे केली.

हिरवा दिवा लागला आणि चाकं जागच्या जागी किंचाळली. पांढरा धूर उठला. धूर विरेपर्यंत शेजारची गाडी निम्म्यावर पोचली होती.

मुलगी परत आली, हेल्मेट काढलं आणि थेट मीटर लावला. "बत्तीस? चाचा, हवा कोणी भरली?"

पायपंप माझ्या खुर्चीखाली होता. चाचांनी तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं, जेमतेम एक क्षण. राग नव्हता.

"मीच भरली, बेटा," ते म्हणाले. "सरावानंतर वाटलं, जरा वाढवावी. म्हातारा झालो."

"तुम्हीच म्हणालात ना, फुगलेलं चाक नाचतं!"

"म्हणालो खरं."

ती दोन पोरं परत आली नाहीत. पुढे मुलीच्या मित्रमंडळींत चाचांचं नाव बत्तीसचाचा पडलं. गॅरेजवरून जाताना कोणीतरी ओरडायचं, "बत्तीसचाचा, हवा बघून द्या हं!" ते हात हलवून हसायचे. मुलीने पुढे फेऱ्या जिंकल्या, पण गाडी दुसरीकडे तयार करून.

मी चाचांकडे जात राहिलो. धायरीहून स्वारगेट, स्वारगेटहून खडकी. दोन बसमध्ये वाक्य जुळवायचो आणि गॅरेजात पोचलो की चहाची वाट बघायचो. एकदा तोंड उघडलंही. त्यांनी लगेच विचारलं, "साहेब, गुडघा कसा आहे?" मला वाटतं, मी काय बोलणार हे त्यांना कळलं होतं. मी गुडघ्याबद्दल बोललो.

या थंडीत ते गेले. परवा त्यांच्या चाळिसाव्या दिवशी सगळे जमलो तेव्हा मुलीने मोठ्या मायेने बत्तीसचा किस्सा सांगितला. चाचांचा मुलगाही हसला. खिशात मीटर होता, तो मुठीत धरून मीही हसलो.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य लांबलचक नव्हतं. चाचा, हवा मी भरली होती. तुमची बावीस बरोबर होती. मला माफ करा.