तिजेच्या मातीतला पोवळा

तिजेच्या सणाले आमच्या तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी वारुळाची माती आणतात, शेळीच्या लेंड्यांचा चुरा मिसळून टोपल्यांत भरतात अन् वर गहू पेरतात. माझ्या पोरीची ही लग्नाआधीची शेवटची तीज. फुलसावंगीच्या रस्त्याकडच्या वावरातून तिनंच माती आणली, थेट वारुळाच्या बुडातली, ओली. गहू पेरून झाले अन् वरून माती सारखी करताना तिच्या बोटांत काहीतरी वळवळलं.

"याडी, वाळा निंघाला!" म्हणून तिनं तो तळहातावर घेतला. आईले आमी याडीच म्हणतो. वाळा म्हणजे गांडुळावानी गरीब साप, त्याच्यासंगं आमी लहानपणी खेळलेलो. कोणी घाबरलं नाई. बाकीच्या पोरी तं मोबाइल काढून उभ्या.

मंग त्यानं शेपूट वर गुंडाळलं. खालून लाल, निळसर. डोकं काळंभोर. माझा भाऊ दिग्रसकडं साप पकडते, त्यानं एकदा बरणीत दाखवला होता हा. पोवळा. मातीत नाई तं पाचोळ्याखाली राह्यते, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाई, अन् विष नागाच्या जातीचं. "याच्यावरची दवाई नसते, बाई," असं बोलला होता तो.

"हालू नको," मी म्हटलं. "बोट बी हालवू नको."

पोरीनं माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् तिचं हसू गेलं. साप बोटांवरून सरकला, थांबला, पुन्हा सरकला. शेवटी टोपलीत उतरून मातीत घुसला. मी झटकन टोपली उचलली.

"काय वं, पेरलेली तीज पालथी करतं काय?" सासू वरडली. "पोरीच्या संसाराचं वाटोळं होईल! देव आला हाय, हात जोड!"

"जोडते ना! आधी पोरगी तं जगू द्या, संसार मंग पाहू!"

कुंपणापलीकडं नेऊन सगळी टोपली उलटी केली, गव्हासकट. मांगं बायांचा गलका सुरू होता. असा संताप चढला होता, की कोणी आडवं आलं असतं तं टोपलीच फेकून मारली असती.

परत आले तं पोरगी जागच्या जागी बसलेली. हात पुढं, पंजा उघडा. डोळ्यांतून पाणी गळून राह्यलं होतं, पण एक बोट हाललं नव्हतं.

"याडी," ती हळूच बोलली, "आता हालू काय?"

मी तिचा उघडा पंजा माझ्या दोन्ही हातांत घेतला अन् एकेक बोट मिटवलं.