नदीकाठच्या बाईचे डोळे

त्या वर्षी मी गणपतीशी अबोला धरला होता. पेणमध्ये राहून, गणपतीच्या कारखान्यात बसून, चहूकडे त्याच्याच सोंडा दिसत असताना अबोला कसा पाळायचा, ते तुम्हीच सांगा! पण माझा रागच तसा होता. थंडीत मोठा ताप आला, आणि जाताना उजव्या हाताला कंप देऊन गेला. माझं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. डोळे उघडेपर्यंत ती माती, उघडले की देव. सासूबाईंनी शिकवलं होतं, हात अधांतरी ठेवायचा, टेकू घ्यायचा नाय. तीस वर्षं मी तसेच डोळे काढले आणि त्याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू? आता ब्रश धरला की रेघ भिवईत शिरायची. आषाढ तोंडावर आलेला आणि सगळ्या मूर्ती बिनडोळ्यांच्या. "तुझेच डोळे काढते, आणि तू माझाच हात मोडतोस?" असं त्याला एकदा सुनावलं आणि पुढे बोलणंच टाकलं.

माझी सून मिनती. तिचे वडील ओडिशातून रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत कामाला आले, ती रोह्यातच वाढली. कारखान्यातलं रंगाचं सगळं ती करायची, पण डोळ्यांजवळ मी तिला फिरकू दिलं नव्हतं. बाहेरची पोर, तिला काय जमणार, असं मी मनात धरून बसले होते. तेही आज कबूल करते.

एका रविवारी तीच म्हणाली, "आई, घरात कुढत बसू नका. माझ्या माहेरी चला. नदीवर नवीन पुतळे बसवलेत, बघून येऊ." गेलो एसटीने. पोटासाठी लांबून रोह्याला आलेल्या माणसांच्या मानासाठी कुंडलिकेच्या काठावर ते पुतळे बसवलेले. पांढऱ्या दगडाचा एक बाप्या उभा, शेजारी गाठोड्याला टेकून बसलेली बाई. मिनती तिच्यासमोर उभी राहिली. "माझी आई अशीच उतरली असेल इथं," म्हणाली. माझं लक्ष मात्र भलतीकडेच. त्या बाईच्या डोळ्यांत बुबुळंच नव्हती!

"अगो बाई, डोळे राहिले की हिचे!"

"आई, दगडी पुतळ्यांचे असेच असतात," मिनती हसायला लागली. पण डोळे काढण्यात जन्म गेलेल्या बाईला हे कसं पटावं? मी तिच्या पर्समधली काजळाची पेन्सिल ओढून काढली आणि लागले कामाला. हात थरथरला, रेघ गालावर ओघळली. तेव्हा माझा धीर सुटला. भर दुपारी, चारचौघांत, मी मोठ्याने रडले.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते उठून आले. वाटलं, आता ओरडणार. त्यांनी गमछ्याने पुतळ्याचा गाल पुसला आणि म्हणाले, "ताई, तिला रडवू नका. ती पण आमच्यासारखी लांबून आली हाय." बोलण्यावरून उत्तरेकडचे वाटले. मग त्यांनी आपला हात माझ्यापुढे आडवा धरला. "मनगट ठेवा इथं. कंपनीत बारीक काम असलं की आम्ही दुसऱ्याचा हात घ्यायचो. त्यात लाज कसली?"

मी मनगट टेकवलं. दोन्ही बुबुळं अशी उतरली की मिनतीने टाळीच वाजवली. त्यांच्यासाठी चहा आणायला आम्ही वळलो, तोवर धाटावची बस आली आणि ते गेलेसुद्धा. नाव विचारायचं राहिलं. कोण होते, कोणी पाठवले, यावर मी कोणाशी वाद घालत नाय. मी तिथेच हात जोडले आणि म्हटलं, "बरं बाबा, बोलते तुझ्याशी."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मिनतीला हाक मारली, "ये गो, हात धर." तिच्या हातावर मनगट टेकवून पहिल्या मूर्तीचा डावा डोळा काढला. छान उघडला. उजव्याकडे वळले, तर टेकू असूनही हात कापायला लागला. पूर्वीची मी असते तर ब्रश भिरकावला असता आणि देवाला पुन्हा चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी मात्र जिवावर आलं तरी ब्रश तिच्या हातात दिला.

"काढ तू."

"मी? आई, चुकला तर?"

"चुकला तर बाप्पा बघून घेईल. त्याचाच डोळा हाय ना?"

तिने श्वास रोखून काढला. मी लांबून बघितला, जवळ येऊन बघितला, खोड काढायला काही सापडेना. खरं सांगते, तिचा डोळा माझ्यापेक्षा सरस होता. आधी झोंबलं, मग हसू आलं, मग रडूही. बाप्पा, हातासाठी तुझ्याशी भांडले, आणि तू तो केव्हाच घरात आणून ठेवला होतास! मिनतीला पोटाशी धरलं आणि उरलेल्या सगळ्या मूर्ती तिच्यापुढे सरकवल्या.