परागकण मोजणारे सर

“मावशी, गजरा बाहेर.”

प्रयोगशाळेच्या दारात मी दिसले की सरांचं हे पहिलं वाक्य. वयानं माझ्यापेक्षा मोठे, तरी मावशीच म्हणायचे. कॉलेजात काचसामान धुणारी बाई सगळ्यांचीच मावशी असते, तुम्हाला माहीतच आहे. गजऱ्यातला पराग उडून काचेवर बसला, तर माझा मोगरा हजार वर्षांपूर्वीचा ठरेल, अशी त्यांना धास्ती.

काम काय, तर वळसंगकडच्या एका जुन्या पाणथळीत पाइप ठोकून चिखल काढायचा. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. चिखलात दबलेला पराग कुजत नाही. एकेका थरातला पराग काचेवर घेऊन भिंगाखाली बघायचा. कुठल्या थरात कुठल्या झाडाचा पराग किती, ते मोजलं की त्या काळचं पाऊसपाणी कळतं. मी घाई केली की म्हणायचे, “पडून गेलेला पाऊस हाय तो. पळतोय कुटं?”

मग घाई त्यांनाच झाली. काचबिंदू. दोन डबे काचा राहिलेल्या, आणि हा मुलूख कोरडा कधी पडला, तो थर त्यातच कुठंतरी होता.

एक दिवस म्हणाले, “बसा हितं. काय दिसतंय ते सांगा.”

“सर, मी चौथी शिकलेली.”

“बरंय की. शिकलेली माणसं बघायच्या आधीच नाव सांगतात.”

मी भिंगावर वाकले. गुलाबी रंग दिलेले कण.

“गोल हाय. एकच भोक.”

“गवत.”

“बारके लाडू एकमेकांना चिकटल्यागत.”

“बाभूळ.”

“पेरूगत.”

“लव्हाळा. म्हणजे पाणी होतं, मावशी.” गावाला गेलेलं माणूस सुखरूप पोचल्याचं कळावं, तसा आवाज व्हायचा त्यांचा.

मी वहीत रेघा मारायची. थर वर येतील तसे पेरू कमी होत गेले. एका काचेवर दोनच निघाले.

“परत बघा.”

परत बघितलं. तीन सांगावंसं लई वाटलं. दोनच सांगितलं. त्या दिवशी सरांनी चहा घेतला नाही.

सहा काचा उरल्या असताना सर गेले. हृदय बंद पडलं. नव्या मॅडम आल्या, खोली रिकामी करायची होती. “हे टाकायचं का मावशी?” म्हणाल्या. मी म्हटलं, “आठ दिवस द्या.”

पाच काचा झाल्या. त्यांत एकही लव्हाळा नाही. सहाव्या काचेवर, अगदी कडेला, एक कण दिसला. लव्हाळा असेल तर अजून थोडं पाणी होतं. नसेल तर नव्हतं.

भिंगावरचा डोळा न काढता मी सांगितलं, “पेरूगत हाय सर, पण एका बाजूनं चेपलाय.”

आणि रेघ मारायला पेन धरून थांबले.